उजेडाकडे बघा

आण्णांचे डोळे पिवळे झालेत हे आमच्या घरात पहिल्यांदा कळलं ते न्हाव्याकडून.

2009 सालची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. रविवारी सकाळी दाढीला जायचा आण्णांचा नेम कधी चुकत नसे. हातकणंगले तालुक्यातलं आमचं गाव; सलूनमध्ये एकच खुर्ची, दाराला लागून, आणि दार पूर्वेला. वस्तरा गळ्याकडे न्यायचा म्हणून न्हाव्याने आण्णांची हनुवटी वर उचलली आणि हात तसाच थांबवला. "आण्णा, जरा उजेडाकडं बघा की," तो म्हणाला. आणि मग, "डोळं पिवळं दिसाय लागल्यात तुमचं."

आण्णा घरी आले, आंघोळ केली, जेवले आणि हात धुता धुता आईला हे सांगितलं. कुणाची म्हैस व्याली हे सांगावं तसं. आईने त्यांचा दंड धरला आणि सोप्यातून थेट अंगणात नेलं. मीही मागोमाग गेले. दुपारच्या लख्ख उजेडात त्यांनी चष्मा काढला. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, दुधात हळद पडावी तसा रंग पसरलेला होता. कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

खंडेनवमीपासून मी माहेरी होते. आठवडाभर रोज त्यांच्यासमोर बसून जेवले होते, त्यांना चहा दिला होता, त्यांच्याशी शेताच्या वाटणीवरून वादसुद्धा घातला होता. मला दिसलं नाही. त्या काळी भारनियमन होतं. संध्याकाळी वीज असली तर साठ वॅटचा पिवळा बल्ब, नसली तर कंदील. पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाही. पण हे कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं की वडिलांच्या डोळ्यांत मी कितीतरी वर्षांत पाहिलंच नव्हतं. त्यांचा चष्मा मला दिसायचा, कपाळावरची आठी दिसायची, आवाजावरून त्यांचा राग-लोभ ओळखता यायचा. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र मुलगी कधी बघते वडिलांचा? न्हाव्याला तो बघावा लागतो. त्याच्या हातात वस्तरा असतो आणि समोरच्याचा चेहरा उजेडाकडे वळवलेला असतो.

त्या दिवसापासून मी माणसांच्या डोळ्यांतला हा पांढरा भाग बघायला शिकले. आपल्याकडे डोळ्यांचं सगळं कौतुक बुबुळाच्या वाट्याला जातं. घारे, काळेभोर, पिंगट. पांढऱ्याला साधं नावही नाही. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत त्याला श्वेतपटल म्हणतात. बोलताना आपण 'डोळ्याचं पांढरं' म्हणतो आणि पुढे जातो. खरं तर आख्खा डोळा याच कवचामुळे गोल राहतो. चिवट तंतूंचं, कुठे एक मिलिमीटर तर कुठे त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं जाड असं हे आवरण. पुढे बुबुळावर बसलेली पारदर्शक काचही त्याच जातीच्या तंतूंची असते, पण तिथे ते शिस्तीने एकाशेजारी एक रचलेले असतात म्हणून प्रकाश आरपार जातो. पांढऱ्यात ते वेडेवाकडे विणलेले असतात म्हणून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. त्यावर एक पातळ, स्वच्छ पापुद्रा असतो आणि त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. शरीरातलं रक्त उघड्यावर, कातडीच्या आडोशाशिवाय बघता येईल अशा जागा थोड्या आहेत. ही त्यांतली एक. पांढऱ्या भिंतीसमोर धरल्यासारखं रक्त इथे दिसतं, आणि त्यात जे काही मिसळलेलं असेल तेही.

पिवळा रंग येतो कुठून हे मला कळलं ते एका जुन्या गोष्टीवरून. लहानपणी झाडावरून पडलं की मांडीला मुका मार बसायचा. आधी काळंनिळं, मग कडेने हिरवट, मग पिवळं, मग काहीच नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडतात तेव्हा त्यांतल्या लाल द्रव्याचं आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य होतं. मांडीवर रंग बदलत जाताना दिसायचा तो हाच. हे पिवळं द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. ते आपल्या प्रत्येकात रोज तयार होतं. यकृत ते पकडतं, पाण्यात विरघळेल असं करतं, पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाला जो नेहमीचा तपकिरी रंग असतो तो त्याचाच, आणि लघवीचा पिवळेपणाही. सुदृढ माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांवरच्या पापुद्र्यातल्या लवचिक तंतूंना धरून बसतं आणि डोळे पिवळे दिसू लागतात. कातडी त्यानंतर. सावळ्या माणसाची कातडी तर फारच उशिरा बोलते. म्हणून डोळे आधी.

पेशी अतोनात मोडू लागल्या, यकृत आजारी पडलं किंवा पित्ताची वाट बुजली, तिन्ही वेळा डोळे एकाच रंगाचे होतात. कावीळ हा रोग नाही, ही खूण आहे, असं डॉक्टर सांगतात. ऐकताना वाक्य साधं वाटतं. त्या वाक्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आण्णांच्या आधी, 1979 मध्ये माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली होती. तो सात वर्षांचा, मी अकराची. तेव्हा ती ओळखली होती आईने. दर महिना-पंधरा दिवसांनी आम्हा भावंडांना ओळीने परड्यात उभं करून, अंगठ्याने खालची पापणी ओढून बघायची तिला सवय होती. "रगत हाय का बघू दे" म्हणायची. आतली बाजू लालगुलाबी दिसली की सोडायची, फिकी दिसली की पुढचे आठ दिवस शेंगदाणे-गूळ आणि पालेभाजी. आजही आरोग्यसेविका पांडुरोग बघताना पहिल्यांदा हेच करते. आईला हे कुणी शिकवलं होतं? तिच्या आईने. भावाची पापणी ओढली तेव्हा खालचं फिकं नव्हतं, पण वरचं पिवळं होतं.

मग त्याला चार कोसांवरच्या एका गावी नेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ कावीळ उतरवायचे. पैसे घेत नसत, फक्त नारळ. त्यांनी भावाच्या हातांना कसलासा रस चोळला, पितळेच्या परातीत पांढुरकं पाणी होतं त्यात हात धुवायला लावले, आणि तोंडाने काही पुटपुटत राहिले. पाणी पिवळं झालं. मी डोळ्यांनी पाहिलं. भावाच्या अंगातली कावीळ परातीत उतरताना पाहिली याची मला पुढे कितीतरी वर्षं खात्री होती. डोक्यावर घालायला एक माळही दिली, मुकुटासारखी. बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. ती रोज वाढत गेली, कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. माळ वाढते म्हणजे कावीळ उतरते.

आंब्याच्या झाडाच्या आतल्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळं होतं, ज्याला कावीळ नाही त्याचंही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हे करून दाखवलं आहे. माळेतल्या ओल्या काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होऊन दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होते. त्या म्हाताऱ्या माणसाचा मला राग आला नाही. त्याचा स्वतःचाही विश्वास असावा, कारण त्याच्याकडे गेलेली बहुतेक माणसं बरी झाली होती. दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए आणि ई, तिच्यातून बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मग ज्याने ज्याने म्हणून काही केलं असेल, त्याला त्याला यश मिळतं. माळेला, परातीला, भुईआवळ्याला, उसाच्या रसाला. उसाच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा होता हे कुणी विचारत नाही.

पण काविळीवर काही जण नाकात देवडांगरी या वेलीचा रस पिळतात, त्याने नाकातून पिवळं पाणी गळतं, आतली पापुद्र्याची त्वचा भाजून निघते. काही ठिकाणी मनगटावर डाग देतात. तिथे मात्र माझा समजूतदारपणा संपतो. आजारी लेकराला तापल्या सळीने डागणं याला परंपरा म्हणायची माझी तयारी नाही.

आणि सगळ्याच काविळी आपोआप बऱ्या होत नाहीत. 2012 च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी गेलं होतं आणि त्यातून हेपॅटायटिस ई. कितीतरी माणसं पिवळी झाली. माणसं दगावलीही. यातली सगळ्यांत क्रूर गोष्ट अशी की हा विषाणू तरण्या धडधाकट माणसाला महिना-दीड महिना लोळवून सोडून देतो, पण पोटुशी बाई शेवटच्या तीन महिन्यांत सापडली तर शंभरांतल्या वीस-पंचवीस जणी जातात. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नाल्याचं पाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली होती. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळलं की तीही हीच. म्हणजे मधल्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षांत नळाचं आणि गटाराचं पाणी वेगळं ठेवायला आपण शिकलो नव्हतो. माझ्या एका मावस-वहिनीला इचलकरंजीच्या साथीच्या वेळी आठवा लागला होता. तिच्या सासूने साथीची बातमी आल्या दिवसापासून तिला रोज सकाळी दारात बोलावून डोळे बघायचा आणि पाणी उकळून द्यायचा परिपाठ ठेवला. वहिनीचे डोळे पांढरेच राहिले. तिला झालेली मुलगी आता आठवीत आहे.

आण्णांकडे परत येते.

तालुक्याच्या गावी एक ओळखीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी डोळे बघितले, कावीळ आहे म्हणाले, तेल-तूप बंद करायला सांगितलं, पुड्या दिल्या, विश्रांती सांगितली. रक्त तपासलं नाही. दिवाळी त्यातच गेली. आण्णांनी फराळाला हात लावला नाही आणि आईने त्या वर्षी कढई चुलीवर ठेवलीच नाही. तीन आठवड्यांनी डोळे पिवळे होते ते केशरी झाले. अंगाला खाज सुटली होती. सोयाबीनच्या मळणीची धूळ लागली असं ते म्हणायचे आणि रात्र-रात्र नारळाच्या शेंडीने पाठ खाजवत बसायचे. वजन उतरलं होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं. ताप नव्हता, मळमळ नव्हती. "दुखत न्हाई म्हंजे साधंच आसंल" हे त्यांचं वाक्य आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान्य केलं.

शेवटी कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या टेबलावरून उठवलं, दिवा बंद केला आणि खिडकीशी नेलं. खाली बघा म्हणाले, आणि वरची पापणी उचलली. पुढे मी त्यांना विचारलं, वरची का? त्यांनी सांगितलं की उतारवयात डोळ्यांचा उघडा राहणारा भाग ऊन, वारा, धुळीने तसाही मळकट होतो, नाकाच्या बाजूला पिवळट उंचवटा येतो; शेतकऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या डोळ्यांत तर हमखास. त्याला कावीळ समजून फसायला होतं. पापणीखाली झाकलेला भाग ऊन बघत नाही. तो पिवळा असेल तर ती आतून आलेली पिवळाई. मग त्यांनी आण्णांना जे विचारलं ते तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. शौचाचा रंग कसा आहे? आण्णा माझ्याकडे बघून अवघडले, मी बाहेर गेले. पांढरा, शाडूच्या मातीसारखा. किती दिवस? महिना तरी झाला असेल. लघवी? काळ्या चहासारखी.

पित्त आतड्यात उतरतच नव्हतं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या बाजूला गाठ होती आणि तिने पित्ताची नळी दाबून धरली होती. न दुखता चढत जाणारी कावीळ, खाज, पांढरा शौच, उतरतं वजन: उतारवयात हे एकत्र दिसलं की डॉक्टर सगळ्यांत आधी हीच शंका घेतात. स्वादुपिंडाच्या इतर भागातली गाठ फार उशिरापर्यंत मुकी राहते; डोक्याकडची गाठ वाटेत बसते म्हणून डोळ्यांतून लवकर ओरडते. तो आवाज ऐकू आला तर काही जणांची शस्त्रक्रिया होऊ शकते. आण्णांची होण्यासारखी राहिली नव्हती. दुर्बिणीतून नळीत जाळी बसवली आणि पित्ताची वाट मोकळी केली. खाज चार दिवसांत गेली. दोन-तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. त्या डोळ्यांनी त्यांनी माघातली कुस्ती बघितली, उसाला तोड आलेली बघितली, आणि मिरगाच्या आदल्या आठवड्यात ते गेले.

ते तीन आठवडे मी आजही मोजते. त्या तालुक्याच्या डॉक्टरांनी एक रक्ताची तपासणी आणि एक सोनोग्राफी करायला सांगितली असती तर, इथपर्यंत येते आणि मग माझंच बोट माझ्याकडे वळतं. न्हाव्याच्या आधीच्या रविवारी मी कुठे बघत होते?

माणसाच्या डोळ्यांत पांढरं एवढं उघडं का असतं, यावर 1997 मध्ये कोबायाशी आणि कोशिमा या दोन जपानी संशोधकांनी लिहिलं. त्यांनी वानरकुळातल्या कितीतरी जातींचे डोळे तपासले. बहुतेकांचं कवच तपकिरी, चेहऱ्यात मिसळून जाणारं. माणसाचं एवढं पांढरं आणि एवढं रुंद उघडं. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की काही चिंपांझींमध्येही फिकं कवच आढळतं, तेव्हा फरक वाटला तितका ठाम नाही. तरी या पांढऱ्यामुळे आपण कुठे बघतोय हे समोरच्याला लांबून कळतं, आणि म्हणून आपल्या पूर्वजांना एकमेकांच्या साथीने जगणं सोपं झालं असावं, ही कल्पना मला पटते. नजर लपवायची असती तर तपकिरी बरं होतं. आपण नजर उघडी ठेवली, आणि तिच्याबरोबर आजारही उघडा झाला. आपल्या डोळ्यांतलं पांढरं आपल्याला आरशाशिवाय दिसत नाही. ते दुसऱ्यासाठीच आहे.

अशा नजरेची एक गोष्ट: 1956 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात वॉर्ड नावाच्या एक परिचारिका दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना उबदार दिवशी अंगणात उन्हात नेत. डॉक्टरांना ते फारसं पसंत नव्हतं. एकदा फेरीच्या वेळी त्यांनी एक बाळ उघडून दाखवलं: सगळं अंग फिकं आणि एकच त्रिकोणी पट्टा गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं त्यांनी काही औषध फासलंय. त्या म्हणाल्या, तिथे चादरीचं टोक होतं. बाकीच्या अंगाची कावीळ उन्हाने उतरवली होती. पुढे खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नळीतलंही बिलिरुबिन उन्हाने कमी झालेलं आढळलं, आणि 1958 मध्ये डॉ. क्रीमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांखाली बाळांना ठेवायच्या उपचाराचा निबंध छापला. आज आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळांतही निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली इवली बाळं दिसतात. तो प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि यकृताची वाट न बघता ते शरीराबाहेर जातं. वेळेत गेलं नाही तर ते मेंदूत उतरतं, आणि तिथलं नुकसान आयुष्यभर राहतं. ज्यांचं लक्ष एका चादरीच्या टोकाएवढ्या जागेकडे गेलं, त्या बाईंना माझा नमस्कार आहे.

बाळंतिणीच्या घरात मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी असं मला वाटतं. नवजात बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ बहुधा येतेच आणि जाते. पण पहिल्याच दिवशी आली तर थांबू नये. आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळेच राहिले आणि शी पांढुरकी होत असेल तर कोवळ्या उन्हात धरून वाट बघू नये. काही बाळांची पित्तवाहिनीच बुजलेली असते. जपानच्या डॉ. कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया त्यासाठी आहे, आणि ती पहिल्या साठ दिवसांत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. बाळाच्या दुपट्याचा रंग आजीला सगळ्यांत आधी दिसतो. तिने तो बोलून दाखवावा.

पिवळ्याखेरीज इतर रंगही दिसतात. गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यात सकाळी उठल्यावर रक्ताचा लालभडक डाग होता, अर्धं पांढरं झाकून टाकणारा. मी घाबरले. रात्री जोरात खोकली होती, एक बारीक वाहिनी फुटली होती. रक्तदाब मोजला, पंधरा दिवसांत डाग गेला. दिसायला इतकं भयंकर आणि इतकं निरुपद्रवी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. याउलट भात-खाचरात किंवा पुराच्या पाण्यात वावरल्यावर ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळे लाल होऊन वर पिवळे होऊ लागले तर तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. कोकणातल्या माणसाला आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतरच्या मुंबईला हे सांगायला नको. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या डोळ्यांत असतात ते तपकिरी ठिपके बहुतेक वेळा जन्माच्या तिळासारखेच. वाढू लागले तरच दाखवावेत. आणि काही मुलांच्या डोळ्यांतलं पांढरं निळसर असतं, लोक त्याला सुंदर म्हणतात. तान्ह्या बाळात ते स्वाभाविक आहे. पण थोरल्या मुलात तसं दिसलं आणि हाडं सारखी मोडत असतील तर कवचाचे तंतूच विरळ आहेत आणि आतला गडद पडदा त्यातून दिसतो आहे. ज्या तंतूंचं ते कवच, त्याच तंतूंनी हाडंही बांधलेली असतात.

माझी एक मैत्रीण गडचिरोलीकडे आश्रमशाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गात एक मुलगा होता. पोरं त्याला पिवळ्या म्हणायची. डोळे कायम किंचित पिवळट, अंगाने बारीक, आणि आठवड्यातून दोन दिवस हातपाय दुखतात म्हणून मैदानावर न येणारा. कामचुकार आहे असं तिलाही वाटायचं. एकदा तिने त्याला पावसात उभं केलं आणि त्या रात्री तो वेदनांनी ओरडू लागला. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. त्याच्या लाल पेशी 120 दिवस नाही, पंधरा-वीस दिवसांतच मोडत होत्या. डोळ्यांतलं पिवळं म्हणजे त्या मोडलेल्या पेशींचा हिशेब होता, आणि थंडीत त्याच पेशी कोयत्यासारख्या वाकून वाहिन्यांत अडकत होत्या. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात असे किती तरी पिवळ्या आहेत. औषध आहे, त्याने वेदनेचे झटके कमी होतात. पाणी भरपूर पाजायचं, गारठ्यात उभं करायचं नाही, एवढं शिक्षकाला माहीत हवं. मैत्रीण हे सांगताना दर वेळी थांबते. "टोपणनाव पोरांनी अचूक ठेवलं होतं गं," ती म्हणते, "मीच वाचलं नाही."

म्हणून माझं वाचणाऱ्याला एवढंच मागणं आहे. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांचं दुखलं तरी जे सांगत नाहीत त्यांना, अधूनमधून सकाळच्या उजेडात दारापाशी आणा. चष्मा काढायला लावा, खाली बघायला सांगा, वरची पापणी हलक्या हाताने उचला. रात्री दिव्याखाली बघितलेलं धरू नका. पिवळं दिसलं तर माळ घालू नका, पुडीवर थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि संकोच बाजूला ठेवून शौचाचा रंग विचारा. आमच्या गावातलं ते सलून आता त्या न्हाव्याचा मुलगा चालवतो. खुर्ची नवी आहे, पण अजून दाराशीच आहे, पूर्वेला तोंड करून.